काय करताना दुखतं?

पेडणेकरबाईंनी माझी पाठ पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तिच्यावर सावंतकाकूंच्या पावलाचा ठसा होता. हळदीचा, पाच बोटांसकट.

सावंतकाकू आमच्या चाळीतल्या पायाळू. जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले होते, आणि अशा माणसानं पाठीला लाथ लावली की कंबरेत भरलेली उसण निघून जाते, याबद्दल घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर कुणाच्याही मनात शंका नव्हती. सकाळी काकूंच्या दारात माणसं पालथी पडायला यायची. काकू पाऊल हळदीच्या पाण्यात बुडवायच्या, देवाचं नाव घ्यायच्या आणि सात वेळा लाथ लावायच्या. बाकीच्यांना त्या हलकेच लावत. मी पडलो कबड्डीपटू. "जरा जोर लावा काकू, मी खेळाडू आहे," असं मीच सांगितलं. काकूंनी मान राखला. चौथ्या लाथेला त्या माझ्या पाठीवर उभ्याच राहिल्या.

यातली गंमत अशी की मी स्वतः लाथेसाठीच प्रसिद्ध होतो. चढाईला जायचं, कुणाला हात लागला नाही की तोंड पाडून मध्यरेषेकडे परत निघायचं, आणि मागून धावत आलेल्या गड्याला न बघता उलटी लाथ हाणायची. भांडुपपासून कुर्ल्यापर्यंतचे कोपरारक्षक माझ्या लाथेला घाबरतात, अशी माझी समजूत होती. ती टिकवण्यासाठी मी रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला हवेत दोनशे लाथा मारायचो. तीन महिन्यांपासून कंबरेत डाव्या बाजूला काहीतरी खुपत होतं. ते खुपलं की मी आणखी पन्नास लाथा मारायचो. दुखणं घाबरून पळेल, असा हिशेब.

वर्ष चौऱ्याऐंशी असावं. पेडणेकरबाई महापालिकेच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होत्या. हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणाला उच्चारता येत नव्हता, म्हणून त्या "मालिशवाल्या बाई" होत्या. ड्युटी संपली की आठवड्यातून तीन संध्याकाळी त्या आमच्या व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत यायच्या, फुकट. खोलीत टेबल टेनिसचं अर्धं टेबल होतं. दुसरं अर्धं कुठं गेलं ते मंडळाच्या कुठल्याच कार्यकारिणीला सांगता आलेलं नाही. त्यावर सतरंजी टाकली की झाला बाईंचा दवाखाना. उंच, सडपातळ बाई. सुती साडीचा पदर कंबरेला खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ, हातात खडूचा तुकडा. त्या कधी बसायच्या नाहीत. खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची पर्स बसायची.

मला आमचे प्रशिक्षक अप्पा मयेकर ओढत घेऊन गेले होते. मी टेबलावर चढायला लागलो तर बाई म्हणाल्या, "खाली उभा राहा. काय करताना दुखतं?"

"कंबर दुखते."

"कुठं ते नंतर बघू. काय करताना?"

"उसण भरलीय बाई."

"उसण मी शिकले नाही. काय करताना?"

"खेळताना."

"खेळताना काय करताना?"

"असंच... चढाईला."

"चढाईत काय करताना?"

शाळेत सात नापासचे शेरे पचवले होते मी, पण त्या प्रश्नानं मला घाम फुटला. शेवटी कबूल केलं, "लाथ मारताना."

बाईंनी खडू जमिनीवर टाकला. "उचल." मी ऐटीत वाकून उचलला. काही दुखलं नाही. मी अप्पांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. "आता डाव्या पायावर उभा राहा आणि मागं वाक," बाई म्हणाल्या. मी वाकलो आणि असा ओरडलो की बाहेर कॅरम थांबला.

मग त्यांनी माझा शर्ट वर केला.

"हे पाऊल कुणाचं?"

मी काकूंचं नाव सांगितलं. अप्पांनी तोंड फिरवलं.

"उद्या त्यांना घेऊन ये."

मला वाटलं आता काकूंची खरडपट्टी निघणार. दुसऱ्या दिवशी काकू ठेवणीतलं लुगडं नेसून, भांडायच्या तयारीनं आल्या. बाईंनी पर्स उचलली आणि काकूंना खुर्ची दिली.

"दिवसाला किती जण येतात?"

"धा-बारा. देवानं दिलेला काम हा, मी पैसे घेत नाय."

"मीही घेत नाही," बाई म्हणाल्या. "दहा-बारा जणांना सात सात वेळा. एकाच पायावर तोल सांभाळायचा. तुमचा उजवा खुबा दुखत नाही?"

काकूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चाळीत आयुष्य गेलं, सगळे त्यांच्याकडे पाठ घेऊन आले. त्यांचं काय दुखतं हे कुणी विचारलंच नव्हतं. "दुखता गो बाई," त्या हळूच म्हणाल्या. "जिना चढताना." त्या दिवशी अर्ध्या टेबलावर काकू झोपल्या आणि मी बाहेर बाकावर बसलो.

त्यानंतर काकूंच्या लाथा बंद झाल्या नाहीत. बाईंनी तसं सांगितलंही नाही. "पाऊल फक्त टेकवा, वजन देऊ नका. आणि खेळणारं पोरगं आलं तर आधी माझ्याकडे," एवढीच अट. काकूंनी ती पाळली. पालथ्या पडलेल्या पोराकडे नुसतं बघून त्या सांगायच्या, "ह्याची उसण नाय. ह्येका बाईंकडे न्या."

बाईंचं सगळं शास्त्र त्या काळाच्या उलट होतं. तेव्हा कंबर दुखली की डॉक्टर गादीखाली फळी घालायला लावत आणि तीन तीन आठवडे झोपवत. कंबरेला चामड्याचा पट्टा बांधत. बाई म्हणायच्या, "दोन दिवस पडा, मग उठा. पट्टा बांधलास की पाठ रजेवर जाते, आणि रजेवर गेलेलं माणूस लवकर कामावर येत नाही." सरसकट व्यायाम मात्र त्या कुणालाच देत नसत. कुणी पुढं वाकताना कळवळायचा, कुणी मागं वाकताना, कुणाला बसलं की दुखायचं आणि चाललं की बरं वाटायचं. प्रत्येकाचं वेगळं. एकाला दिलेला व्यायाम दुसऱ्यानं उचलला तर त्या मनापासून चिडायच्या. "मेल्या, त्याचा चष्मा लावशील का तू?"

एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्या कबड्डीवाल्यांत सारखी निघाली. आम्ही श्वास कोंडायचो. पोट आत घेऊन एक पाय हळूहळू उचलायचा, एवढा साधा व्यायाम. पण लहानपणापासून एका दमात सगळं उरकायची सवय, त्यामुळे जोर लावला की छाती टम्म फुगायची, चेहरा लाल व्हायचा. बाईंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कबड्डी म्हण."

"इथं?"

"मोठ्यानं. आवाज येतोय म्हणजे श्वास बाहेर जातोय. आवाज थांबला की पाय खाली."

त्या दिवसापासून त्या खोलीत चार-पाच दांडगे उताणे पडून, एक पाय वर करून "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" म्हणत असायचे. रस्त्यावरून जाणारी माणसं खिडकीशी थांबत. अप्पा डोकावून म्हणाले, "बाई, माझी टीम झोपूनच खेळणार की काय आता?" बाई हसल्या नाहीत. त्या फारशा हसायच्याच नाहीत. पण त्यांच्या हातातल्या खडूनं हवेत एक छोटा गोल काढला. ते त्यांचं हसणं, असं आम्ही पुढं ओळखायला शिकलो.

अप्पांवरही एकदा तोच प्रश्न आला. अप्पा पन्नाशीचे, अंगानं रोडावलेले. एका संध्याकाळी सहज म्हणाले, "बाई, मलापण दोन व्यायाम सांगा, पाठ धरलीय."

"काय करताना दुखतं?"

"काय करताना असं नाही. बसलो तरी दुखतं, निजलो तरी दुखतं."

"वाकलं तर वाढतं? चाललं तर कमी?"

"छे. आहे तसंच."

बाईंनी खडू टेबलावर ठेवला. संध्याकाळी कणकण येते का, जेवण जातं का, पँट सैल झाली का, असे प्रश्न त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारले की आम्ही सगळे पाय खाली घेऊन ऐकायला लागलो. मग म्हणाल्या, "अप्पा, हे माझं नाही." दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या स्वतः अप्पांना मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. मणक्याचा क्षय निघाला. प्लॅस्टरचं जाकीट, वर्षभर गोळ्या. पण अप्पा आपल्या पायांवर परत मैदानात आले. मी बाईंना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, "मला काही कळलं नाही. हालचालीनं बदलतं ते दुखणं माझं. कशानंच बदलत नाही ते डॉक्टरांचं. एवढंच मला कळतं."

माझं दुखणं बदलत होतं, म्हणून मी त्यांचा. त्यांनी माझा तिरका एक्सरे काढून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"यात एक कुत्रा दिसतो बघ. हे तोंड, हा कान, हा पुढचा पाय."

खरंच दिसला. मणक्याच्या हाडात बसल्यासारखा, छोटा.

"त्याच्या गळ्यात पट्टा दिसतो?"

मानेवर एक बारीक काळी रेघ होती. मी म्हटलं, "पाळलेला आहे म्हणजे. चावायचा नाही."

खडूचा गोल निघाला नाही. "तो पट्टा म्हणजे तडा आहे, विलास. हाड चिरलंय. एका लाथेनं नाही. दोनशे रोजच्या लाथांनी. आता तीन महिने लाथ नाही, मैदान नाही. मग हळूहळू."

माझं हसू तिथंच संपलं. पाच आठवड्यांवर साकीनाक्याच्या एका कारखान्याची निवड चाचणी होती. त्यांचा कबड्डी संघ होता, आणि संघात घेतलेल्या खेळाडूला नोकरी मिळायची. माझ्या वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती उघडलीच नाही. दोन वर्षं ते एका वर्कशॉपच्या दाराशी खाकी शर्ट घालून बसत होते. ज्या माणसानं बावीस वर्षं चार माग एकट्यानं सांभाळले, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकत होता. घरात याबद्दल कुणी बोलत नसे. फक्त माझ्या ताटात भाकरी एक जास्त असायची, खेळाडू म्हणून.

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी पर्समधून कागद काढला आणि उभ्या उभ्या पत्र लिहिलं: या खेळाडूच्या पाठीला अमुक दुखापत आहे, तीन महिन्यांनी याची चाचणी घ्यावी, बरा झाल्यावर तो उत्तम खेळेल अशी मी खात्री देते. खाली सही. "हे निवड करणाऱ्यांच्या हातात दे. मी खात्री सहसा देत नाही."

ते पत्र मी पाच आठवडे शर्टाच्या घडीत जपून ठेवलं. चाचणीच्या दिवशी पिशवीत घालून नेलं. आणि दिलं नाही. दुखापत झालेल्या पोराला कोण तीन महिने थांबणार? त्यापेक्षा एक लाथ. एकच.

पहिल्या दोन चढायांत हातानं दोन गडी मारले. पाठ गप्प होती. तिसऱ्या चढाईला मी तोंड पाडून परत निघालो, कोपऱ्यातला गडी मागून आला, आणि माझ्या पायाला शहाणपण कधी नव्हतंच. लाथ त्याच्या छातीला लागली. नंतर मला एवढंच आठवतं की मध्यरेषा वीतभर लांब होती आणि माझे पाय माझे नव्हते. चार जण अंगावर पडले. दम तुटला. शिट्टी झाली. सगळे उठले, मी नाही.

डोळ्यांपुढं सुती साडीचा काठ आला. बाई मातीत उकिडव्या बसल्या होत्या. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, तेही टाचांवर.

"बोटं हलव पायाची. हलतायत. आता श्वास कोंडू नकोस. म्हण."

मी म्हणायला लागलो, "कबड्डी... कबड्डी..."

पंच वाकून म्हणाले, "अरे बाबा, तू बाद झालास. आता कशाला?" बाजूला हशा पिकला.

बाईंनी मान वर केली. "त्याची चढाई अजून चालू आहे," त्या म्हणाल्या. हशा थांबला.

मग मला म्हणाल्या, "पत्र दिलंस?"

"दिलं," मी म्हणालो. आडवा पडूनसुद्धा खोटं बोलता येतं, हे मी सिद्ध केलं.

बाईंनी कुंपणाकडे पाहिलं. माझी पिशवी तिथं होती आणि तिच्या तोंडातून पाकीट चांगलं अर्धं बाहेर आलं होतं. त्या उठल्या, पाकीट काढून पर्समध्ये ठेवलं, आणि परत येऊन माझ्या डोक्याशी उकिडव्या बसल्या. स्ट्रेचर येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

तडा दुसऱ्या बाजूलाही गेला होता. या वेळी सगळं सक्तीनं झालं. पहिले काही आठवडे नुसतं चालणं, मग तोच एक पाय वर, तोच जप. मला वाटायचं, बाई आज तरी बोलतील, चार शिव्या देतील. त्या फक्त मोजत राहायच्या. शेवटी मीच एकदा म्हणालो, "मी तुमच्याशी खोटं बोललो."

"माहीत होतं. पत्र देणार नाहीस हेही माहीत होतं, म्हणून त्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून आले होते."

"मग मैदानात उतरण्याआधी का नाही अडवलंत?"

बाई खिडकीशी गेल्या. "मी खो-खो खेळायचे," म्हणाल्या. "सतरा वर्षांची होते. पाठ दुखायला लागली तर सर म्हणाले, नाटकं करते. घरी कळलं तर डॉक्टरांनी चार महिने फळीवर निजवलं. उठले तेव्हा पाय काड्यांसारखे झालेले, टीम दुसरीच झालेली. सरांनी पळवलं, डॉक्टरांनी निजवलं. काय करताना दुखतं, हे कुणी विचारलं नाही. माझ्या पाठीबद्दल सगळ्यांनी ठरवलं, फक्त मी सोडून." मग म्हणाल्या, "तुला सांगायचं ते सांगून झालं होतं. पाठ तुझी होती. हं, दुसरा पाय."

पुढच्या वर्षी त्याच कारखान्याची चाचणी लागली. निघायच्या आधी बाईंनी पर्समधून तेच पाकीट काढलं. आत तेच पत्र. दुखापतीचं वाक्य आणि तारीख शाईनं खोडून वर नवीन लिहिलेलं. खात्रीची ओळ तशीच ठेवलेली. मातीचा डागही तसाच. मी ते पत्र निवड करणाऱ्यांच्या हातात दिलं. एका जणानं मला ओळखलं. "तूच ना तो, झोपून कबड्डी म्हणणारा?" मी म्हटलं, हो साहेब. त्या दिवशी मी एकही लाथ मारली नाही. कोपऱ्यात उभं राहून घोटे पकडले, गुडघे वाकवून, पाठ सरळ, तोंडानं पुटपुटत. संघात शेवटचं नाव माझं लागलं. पुढची चार वर्षं मी बहुतेक राखीव खेळाडूंच्या बाकावर काढली, पण स्टोअरमधली नोकरी पक्की होती. वडिलांनी नेमणुकीचं पत्र दोनदा वाचलं, खाकी शर्टाची घडी घातली आणि म्हणाले, "आधी बाईंना दाखवून ये जा."

एकोणनव्वद साली मला मुलगी झाली. पेढे घेऊन व्यायामशाळेत गेलो तर मागची खोली बंद. चाळीत सावंतकाकूंनी सांगितलं, "बाई दोन महिने झाले येऊक नाय. घराक जा तू. मुलुंडाक."

मुलुंडला तळमजल्यावर त्यांची एक खोली. दार उघडंच होतं. बाई खुर्चीत बसल्या होत्या. पाठ सरळ, हात खुर्चीच्या हातांवर. घड्याळ मनगटावरून निसटून कोपराकडे गेलं होतं.

मी पेढा दिला. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला. मुलीचं वजन विचारलं, तिला उचलताना मी कसा वाकतो ते विचारलं. त्यांची उशी जमिनीवर ठेवून मला ती उचलायला लावली. मी गुडघ्यांत वाकून उचलली, तर मान हलवली.

"तुम्हाला काय होतंय बाई?"

"पाठ," त्या म्हणाल्या.

मला हायसं वाटलं, इतका मी मूर्ख. पाठ म्हणजे आपलं घरचंच दुखणं. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो आणि त्यांच्याच आवाजात, थोडी नक्कल करत विचारलं, "काय करताना दुखतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोटांत खडू नव्हता, तरी हवेत एक छोटा गोल निघाला.

"काहीच करताना नाही, विलास. बसले तरी तेवढंच, निजले तरी तेवढंच."

मला बाईंनी अप्पांना विचारलेले प्रश्न आठवले, आणि त्यातला एकही विचारायची गरज उरली नव्हती. त्यांनी ते केव्हाच स्वतःला विचारले असणार, त्याच हळू आवाजात.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"त्यांचं काम ते करतायत. हे माझं नाही." मग म्हणाल्या, "पोरीला सांभाळून उचल."

मी निघालो. बसा, येऊ नका, असं म्हणेपर्यंत बाई उठायला लागल्या होत्या. आम्हाला शिकवायच्या तशाच: आधी पुढं सरकल्या, पावलं खुर्चीखाली मागं घेतली, हात मांड्यांवर टेकवले. मी आधाराला हात पुढं केला, त्यांनी नजरेनंच तो खाली घ्यायला लावला. उठताना त्यांचे ओठ हलत होते. आवाज फार बारीक होता, पण मला ओळखू आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. खुर्चीपासून दारापर्यंत सहा पावलं. दम कुठं तुटला नाही.

दाराच्या चौकटीला हात लागला तेव्हाच त्या थांबल्या.

"हं," म्हणाल्या. "जा आता."